माळ्यावरची हवा

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांना दरवर्षी एकच शब्द सुचतो, गुलाबी. मुंबईत गुलाबी थंडीची चाहूल. सोबत फोटो ठरलेला. मरीन ड्राइव्हवर स्वेटर घालून हसणारी दोन कॉलेजची पोरं, किंवा चहाच्या टपरीवरची वाफ. हे लिहिणाऱ्या माणसाला एकदा धरून आरे कॉलनीत आणावं, तबेल्यांच्या मागच्या आमच्या बैठ्या चाळीत पत्र्याखाली झोपवावं, आणि सकाळी विचारावं, बोल, कुठला रंग? थंडीचा रंग मी पाहिलेला आहे. तो जस्ताचा असतो, पत्र्यासारखा, आणि त्याच्यातून पाणी गळतं.

मी राहते नाहूरला, चौथ्या मजल्यावर, काँक्रीटच्या छपराखाली. तिथे थंडी येते ती बातम्यांतूनच. पण आरेतलं माझं माहेर म्हणजे वेगळा मुलूख आहे. बस जंगलातल्या रस्त्याला लागली की खिडकीतून येणारी हवा बदलते. ओला पाला, शेण, म्हशींच्या अंगाची ऊब आणि जमिनीलगत रेंगाळणारा धूर, असा सगळा मिळून एक वास येतो. लोकांना तो वास छान वाटतो, पोरांना घेऊन सुट्टीच्या दिवशी मुद्दाम येतात. मला तो आला की मी नाकाला रुमाल लावते. ओवी माझ्या मांडीवर बसून खिडकीतून हात बाहेर काढते आणि मी तिच्यावर उगाच खेकसते. तिला बिचारीला कळत नाही, आई ह्या रस्त्यावरच अशी का होते.

ओवी आता दुसरीत आहे. ती ज्या थंडीत जन्मली, त्या थंडीची ही गोष्ट आहे. गोष्ट म्हणावी तर तिच्यात फार काही घडत नाही. एक भोक बंद केलं जातं, एवढंच.

आमची खोली एकच, पण उंच. बाबांनी गिरणी चालू होती तेव्हाच तिच्यावर पोटमाळा घालून घेतला होता. लाकडी फळ्या, त्यावर पत्रा इतका जवळ की मोठ्या माणसाने बसलं तर डोकं आपटावं. वर जायला भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी आणि फळ्यांमध्ये माणूस जाईल एवढी चौकोनी जागा. माळ्याच्या मागच्या भिंतीत, पत्र्याच्या अगदी खाली, दोन विटा काढलेलं एक भोक होतं. त्यालाच आम्ही खिडकी म्हणायचो. त्यातून एक उंबराची फांदी, तबेल्याचं कौलारू टोक आणि आकाशाचा तुकडा दिसायचा. लहानपणी नितीन आणि मी त्या भोकाला आळीपाळीने तोंड लावून म्हशींना हाका मारायचो. नितीन माझा धाकटा भाऊ.

बाबांची छाती गिरणीने खाल्ली होती. कापसाचं बारीक तूस आयुष्यभर आत घेतलं, त्याचा हिशेब पुढे खोकल्याने चुकवला. गिरणी गेल्यावर ते अंधेरीला एका कंपनीत वॉचमन झाले, मग तेही सुटलं. पण त्यांची जागा माळ्यावर, त्या भोकाशी डोकं करूनच. "माका वारो लागता," एवढंच म्हणायचे. थंडीतही कानाला मफलर गुंडाळून, नाक भोकाकडे करून झोपायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. कोणाला उशी लागते, कोणाला भिंत लागते, त्यांना वारा लागायचा.

मग मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, आणि आले ती ऐन पौषात.

आमच्या आईला ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ती समजावून सांगणं अवघड आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागते. आवाज मात्र चाळीच्या नळापर्यंत जातो. तिने दवाखान्यातून आलेलं बाळ हातात घेतलं, त्याच्या पायाचे तळवे गालाला लावून बघितले, आणि वर पत्र्याकडे नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता असं नाही, पण आठवते मात्र ती अजून. लगेच नितीनला म्हणाली, "ह्यां सगळां बंद कर. एक फट ऱ्हवाक नये."

नितीन एसीच्या डक्टचं काम करतो. अंधेरीतल्या ऑफिसांच्या छतात चंदेरी नळ्या फिरवून तो साहेबांना ताजी हवा पोचवतो. फट बंद कशी करायची हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! गणपतीच्या मखराचा थर्माकोल आमच्याकडे दरवर्षी माळ्यावर चढवलेला असायचा, पुढल्या वर्षीसाठी म्हणून. त्याने ते खांब, त्या कमानी, ती जाळीदार प्रभावळ, सगळी सुरीने कापली आणि पत्र्याखाली बसवली. वरून गल्लीतल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला. मोठा, जाड, पाणी न जाणारा. आणि दोन विटांच्या त्या भोकात मखराच्या चौरंगाचा तुकडा ठोकून बसवला, कडेने चंदेरी टेप मारली. काम इतकं सफाईदार की आईने पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप दिली. बाबा शिडीच्या खालच्या पायरीवर बसून वर बघत होते. पुढारी हात जोडून त्यांच्या अंथरुणाकडे हसत होता.

"बाबा कुठे झोपणार?" मी विचारलं.

"वर. मगे खंय? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

आता त्या खोलीत दिवसभर काय चालायचं ते ऐका. सकाळी चुलखंडावर पाण्याचा हंडा. बाळाची अंघोळ, माझी अंघोळ, मोरीतून उठणारी वाफ. मग शेगडी फुलवायची. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकून धुरी. बाळाला पायावर घेऊन धुरी, मला बाजेवर निजवून खालून शेक. संध्याकाळी पुन्हा तेच. दार लावलेलं, दाराच्या खालच्या फटीत गोणपाट. माझ्या डोळ्यांतून पाणी, अंगातून घाम. बाळ मात्र लालबुंद, गरम, गाढ झोपलेलं. शेजारणी येऊन म्हणायच्या, "झकास बाळंतपण करतेयस हो पोरीचं!" आई फुलायची.

तो सगळा धूर, ती सगळी वाफ कुठे जायची? शिडीच्या चौकोनातून वर. आणि वरून कुठे? कुठेच नाही.

मला ते पहिल्यांदा कळलं ते आवाजाने. वरून टप, टप. पौषात पाऊस कुठला? पत्रा गार पडला होता, आणि आमच्या श्वासांची, हंड्याची, शेकाची वाफ वर जाऊन फ्लेक्सला चिकटून खाली गळत होती. बाबांनी अंथरुणावर मेणकापड टाकलं आणि त्याच्याखाली झोपू लागले. काही दिवसांत थर्माकोलला काळी बुरशी आली. पुढाऱ्याच्या गालावर ती आधी चढली, मग कपाळावर. हसू आलं मला. आज लिहिताना लाज वाटत नाही, तेव्हा खरंच हसू आलं होतं, कारण बाबाच वरून म्हणाले होते, "साहेबाक मिश्यो फुटल्यो बघ."

त्यांचा खोकला बदलला. आधी तो खडखडून यायचा आणि मोकळा व्हायचा. आता तो यायचा आणि आतच अडकायचा. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायचे. माझ्या बाजेवरून मला त्यांचं डोकं दिसायचं, शिडीच्या चौकोनाशी आलेलं, कारण खालून दारातून काही हवा आली तर तिथेच मिळेल. पण आमच्या दाराला गोणपाट होतं.

एके सकाळी भोकातल्या थर्माकोलला अंगठ्याएवढं छिद्र दिसलं. बाबांनी बोटाने कोरलं होतं. उन्हाची एक काडी त्यातून माळ्यावर आली होती आणि तिच्यात सगळा धूर कसा फिरतो ते खालूनसुद्धा दिसत होतं. मला वाटलं, आई दोन शब्द बोलेल आणि सोडून देईल. तिने परातीतला कणकेचा गोळा तोडला, पदर खोचला, शिडी चढली आणि ते छिद्र लिंपून टाकलं. खाली येऊन उरलेल्या कणकेची पोळी लाटली. बाबा त्या वेळी खालीच चहा पीत बसले होते. त्यांनी ती पोळी खाल्ली.

मी भांडले. बाळंतीण असले तरी तोंड होतंच. म्हटलं, "आई, त्यांना श्वास घेता येत नाहीये, दिसत नाही का तुला? काढ ते सगळं. नाहीतर मी नाहूरला जाते आजच्या आज." ती म्हणाली, सव्वा महिना झाल्याशिवाय तू उंबरा ओलांडायचा नाही. म्हटलं, मग धुरी बंद कर. ती म्हणाली, "बाळाक गार लागात." नितीनला म्हटलं, तू तरी सांग ना रे, तुझं काम आहे ते. तो म्हणाला, "मी काय सांगू यार? ती ऐकते का कोणाचं?" आणि रात्रपाळीच्या साइटवर निघून गेला. पुढे तो साइटवरच झोपू लागला. माळ्यावर बाबा एकटे उरले.

शेवटी मी बाबांनाच गाठलं. म्हटलं, तुम्ही का नाही बोलत? तुमचं घर आहे, तुम्ही घातलेला माळा आहे. ते शिडीला धरून उभे होते. बराच वेळ दम गोळा केला आणि म्हणाले, "त्या भोकान तिचो पयलो झील नेलो, गो. तिका मी काय सांगू?"

मला माहीत होतं की माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो राहिला नाही. कसा, ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. ह्याच खोलीतली त्यांची पहिली थंडी. तेव्हा माळा नव्हता, नुसता पत्रा आणि ते भोक. बाबा गिरणीत रात्रपाळीला. सकाळी आले तर आई बाळाला छातीशी धरून बसलेली, आणि ते निळं पडलेलं. भोक मोकळं का ठेवलं होतं? बाबांना वारा लागायचा म्हणून. छाती तेव्हा धड होती, पण सवय गावची होती. एवढं सांगून ते शिडी चढून वर गेले.

म्हणजे हा जुना खटला होता, आणि ते स्वतःच त्यात गुन्हेगार म्हणून उभे राहिले होते. मी मध्ये पडणारी कोण?

त्यानंतर ते पहाटेच उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. ऐन थंडीत, मफलर, टोपी, वर घोंगडी. समोर तबेल्यातून धुकं उठायचं, दुधाच्या गाड्या निघायच्या, आणि बाबा तोंड उघडं टाकून हवा प्यायचे. अक्षरशः प्यायचे. घरातून मला त्यांची पाठ दिसायची. वर होणारे खांदे, खाली येणारे खांदे. येणारे-जाणारे हसून म्हणायचे, "काय हो काका, एवढ्या थंडीत? मजा आहे तुमची!" बाबा हात वर करायचे. बोलायला श्वास खर्च करायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं असावं.

संक्रांतीनंतर त्यांना ताप भरला. दवाखान्यात नेलं तेव्हा ओठ काळे पडले होते. मला जाता आलं नाही. उंबरा. मी बाजेवर बसून बाळाला पाजत होते आणि खोली छान गरम होती.

बाबा परत आले नाहीत.

सगळे म्हणाले, थंडी बाधली. चाळीतले म्हणाले, गावचे म्हणाले, फोनवर मावशी रडत म्हणाली, "सांगूक होया होता त्यांका, भायर बसा नको." आईनेही तेच म्हटलं आणि वर्षानुवर्षं तेच म्हणत राहिली. मी कधी खोडून काढलं नाही, पण मनातून ते मी कधी मान्यही केलं नाही. थंडीने तर त्यांना शेवटचे काही दिवस जगवलं. त्यांना आमच्या उबेने मारलं. आईला मी माफ केलेलं नाही. सणाला जाते, साडी नेते, पाया पडते, ओवीला तिच्या मांडीवर बसवते. पण आत कुठेतरी कणकेचा तो गोळा तसाच आहे, आणि तो वाळत नाही.

ह्या वर्षी नितीनने माळा नव्याने केला. "ये ना गं बघायला, एकदम फर्स्ट क्लास झालाय," म्हणून चारदा फोन. गेल्या रविवारी दुपारी गेले. जुना पत्रा काढून नवा घातलाय. त्याच्याखाली चार बोटं मोकळी जागा, मग चंदेरी फोमचा थर, मग पांढरं पीव्हीसी. छपराच्या शेंड्यावर वाऱ्याने फिरणारा गोल पंखा बसवलाय, त्याला वीज लागत नाही. आणि जुनं भोक तेच, पण त्याला आता जाळी आहे आणि पुढे एक झडप, हवी तेवढी उघडायची.

"इथून गार हवा आत येते," नितीन हाताने दाखवत होता, "गरम आणि दमट वरून बाहेर. पाणी अजिबात धरत नाही. आणि फोममुळे ऊब आतच राहते. दोन्ही मिळतं. थंडीत तर काय मस्त झोप लागते आईला!"

"दोन्ही मिळतं?" मी विचारलं.

"हो मग. ऊब वेगळी आणि हवा वेगळी. लोकांना वाटतं हवा बंद केली की ऊब येते. तसं नसतं."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

तो झडपेचा स्क्रू उगाच पिळत राहिला. "इतकं नाही. पण एक भोक खाली, एक वर, एवढं तर कोणालाही कळतं गं. आई म्हणाली बंद कर, मी केलं. मला कोणी विचारलं नाही." मग कसलासा फोन आल्यासारखं करून तो खाली गेला.

आई तिथेच गादीवर पडली होती, डोळा नुकताच उघडलेला. हल्ली ती वरच झोपते. गुडघे दुखतात तरी चढते, कारण वर बरं वाटतं म्हणे. ओवी तिच्याजवळ पालथी पडून जाळीतून तबेला बघत होती. "आजी, ही खिडकी आधीपासून आहे?"

"आसा गो. पण तुझ्या आजोबांनी बंद करून घेतलेली. त्यांका थंडी सोसा नाय."

इतकी वर्षं मी ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी ते मला गिळता आलं नाही. ओवीला म्हटलं, खाली जा, मामाकडून आजीला पाणी आण. ती उतरल्यावर म्हटलं, "खोटं बोलू नकोस. तू बंद केलंस."

मला वाटलं ती रडेल, किंवा आवाज चढवेल. ती नुसती माझ्याकडे वळली.

"होय. मिया बंद केलंय. माका सगळां दिसत होतां. आंधळी नाय हुतंय मी."

"मग?"

"मगे काय? ह्या घरात दोघांका पुरात इतकी हवा नाय हुती. पयलो गेलो तेवा मी कायच करूक शकलंय नाय. ह्या पोराक जावक दिवचा नाय, असा ठरवलेलंय. तुझ्या बाबांका पण तां म्हायत होतां. म्हणान ते बोलले नाय." ती कोपरावर टेकून उठली. "तू पण आई आसंस. सांग, तू कोणाक ठेवलं असतंस?"

त्या क्षणी मला तिची दया आली हे खोटं नाही. इतकी वर्षं ती हे एकटीने उरावर घेऊन झोपत होती. नवरा देऊन नात घेतली, असा तिचा सौदा होता, आणि तो खरा होता असं मानून ती जगत होती. गप्प बसले असते तर तेवढं तिच्यापाशी राहिलं असतं. मी गप्प बसले नाही.

"दोघांना," मी म्हणाले. "दोघंही राहिली असती आई. वर बघ. एक भोक खाली, एक भोक वर. नितीनने आत्ताच सांगितलं. एवढंच करायचं होतं."

ती वर बघत राहिली. पांढऱ्या छताकडे, मग शेंड्याकडे, जिथून पंख्याचा बारीक फरफर आवाज येत होता. मग जाळीकडे. हवा येत होती, तिच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते. खाली ओवी पेला सांडून मामाशी काहीतरी हसत होती. आईने पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"ती झडप बंद कर गो," ती म्हणाली. "माका थंडी वाजता."

मी उठले नाही. "असू दे उघडी," मी म्हणाले. "घे आता हवा."